माशी कुणी हलवायची?

मागच्या काही भागांत आपण मोठ्या लढायांबद्दल बोललो. नकाशे पाहिले, सेनापती पाहिले. आज मी तुम्हाला एक अगदी लहान गोष्ट दाखवणार आहे. बंदुकीच्या नळीच्या टोकाला लोखंडाचा एक उभा तुकडा असतो, त्याला आपल्याकडे माशी म्हणतात. डोळ्याच्या बाजूला एक खाच किंवा बारीक भोक असतं, ती मागची साइट. या दोन तुकड्यांना मिळून लोखंडी साइट म्हणायचं. दुर्बीण नाही, काच नाही, बॅटरी नाही. फक्त दोन लोखंडं आणि माणसाचा डोळा.

मराठीत आपण शिस्त म्हणतो तेव्हा वळण, नियम असा अर्थ घेतो. पलटणीत मात्र शिस्त घेणे म्हणजे नेम धरणे. जुन्या मराठीतही या शब्दाला हा अर्थ होता. आज मी या दोन्ही अर्थांच्या शिस्तीबद्दल बोलणार आहे.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

मी नवा लेफ्टनंट होतो. चांदमारीवर माझ्या प्लाटूनचं ग्रुपिंग चाललं होतं. ग्रुपिंग म्हणजे एकाच बिंदूवर शिस्त घेऊन पाच गोळ्या मारायच्या आणि त्या किती जवळजवळ बसतात ते बघायचं. आमच्या हातात तेव्हा एसएलआर होत्या. एका जवानाच्या गोळ्या टार्गेटभर पसरत होत्या. दोनदा संधी दिली, तरी तेच. मी तावातावानं त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. ट्रिगर झटकतोस, श्वास धरत नाहीस, मन ठिकाणावर नाही, असं बरंच काही. पोरगं खाली मान घालून उभं राहिलं.

आमचे एक हवालदार होते, वेपन ट्रेनिंगचे उस्ताद. ते काही बोलले नाहीत. टार्गेटजवळ गेले, भोकांकडे थोडा वेळ बघितलं आणि परत येऊन हळूच मला म्हणाले, "साहेब, ग्रुप आडवा आहे. वर-खाली एक वीतसुद्धा नाही, डावी-उजवीकडे मात्र हातभर. माणूस चुकला की चहूकडे चुकतो. एकाच रेषेत चुकतंय म्हणजे आधी लोखंड बघा." त्यांनी रायफल हातात घेतली आणि मागच्या साइटला अंगठ्यानं बाजूला ढकललं. ती हलली. आडवी धरून ठेवणाऱ्या दोन स्क्रूंपैकी एक सैल होता. प्रत्येक धक्क्याला साइट आपली जागा बदलत होती.

एसएलआरच्या दोन्ही साइटमधलं अंतर साधारण ५५ सेंटिमीटर. हिशेब सोपा आहे. मागची साइट एक मिलिमीटर सरकली तर १०० मीटरवर गोळी सुमारे १८ सेंटिमीटर सरकते. त्या पोराची चूक काहीच नव्हती.

तेव्हापासून मला या लहानशा लोखंडाच्या इतिहासात रस आहे. तो वाचताना एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा भेटत गेला. गोळी चुकली तर दोष कुणाचा, आणि माशी हलवायचा अधिकार कुणाचा? सैन्यांनी, सरकारांनी या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं दिली. काही उत्तरांत आपल्या देशाचाही इतिहास आहे.

काढून घेतलेली साइट

१८५७ म्हटलं की आपल्याला काडतूस आठवतं. गाय आणि डुकराच्या चरबीची ती गोष्ट शाळेपासून पाठ आहे. ज्या बंदुकीसाठी ते काडतूस होतं ती म्हणजे १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल. नळीला आतून पेच पाडलेले, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जायची आणि सरळ जायची. जुन्या गुळगुळीत नळीच्या मस्केटला शंभरएक यार्डांपलीकडे नेम धरण्यात अर्थ नव्हता. एन्फील्डवर मात्र शिडीसारखी उभी राहणारी मागची साइट होती. तिच्यावर शेकडो यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या. अंतर ओळखा, सरकपट्टी त्या खुणेवर न्या, मग शिस्त घ्या.

थोडक्यात, ही बंदूक शिपायाकडून डोकं चालवण्याची अपेक्षा करत होती. म्हणूनच ती शिकवायला डमडम, अंबाला आणि सियालकोट इथे खास प्रशिक्षणकेंद्रं उघडली गेली. अंतराचा अंदाज कसा घ्यायचा, साइट कशी लावायची, हे हिंदी शिपायाला तिथे शिकवलं जात होतं.

मग उठाव झाला आणि चिरडला गेला. त्यानंतर हिंदी पलटणींसाठी जी बंदूक बनवली गेली ती बाहेरून एन्फील्डसारखीच दिसायची. पण नळी आतून गुळगुळीत होती. पेच नाहीत. आणि मागची शिडीची साइट काढून तिथे एक साधी, न हलणारी खाच बसवलेली होती.

मंडळी, या बदलाकडे नीट बघा. नळीतले पेच काढणं समजण्यासारखं आहे, राज्यकर्त्यांना भीती होती. पण साइट बांधून टाकणं म्हणजे शिपायाला सांगणं होतं की अंतर ओळखणं, दुरुस्ती करणं हे तुझं काम नाही. तू समोर धर आणि चाप ओढ. पुढे हिंदी सैन्याला पुन्हा रायफली मिळाल्या, पण बराच काळ गोऱ्या पलटणींच्या एक पिढी मागच्या. त्यांच्याकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा आपल्याकडे स्नायडर. त्यांच्याकडे ली-मेटफर्ड आली तेव्हा आपल्याकडे मार्टिनी.

आता त्याच काळातलं इंग्लंडमधलं दृश्य बघा. २ जुलै १८६०. लंडनजवळ विम्बल्डनच्या माळावर नॅशनल रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा सुरू होते आहे. उद्घाटनाची गोळी खुद्द व्हिक्टोरिया राणी झाडणार. व्हिटवर्थ रायफल एका लोखंडी घोडीवर पक्की बसवलेली आहे, चापाला रेशमी दोरी बांधलेली आहे. राणीनं दोरी ओढली आणि ४०० यार्डांवर गोळी केंद्रापासून सव्वा इंचावर बसली. टाळ्या झाल्या. पण राणीनं शिस्त घेतलेलीच नव्हती. त्याआधी कुणीतरी गोळ्या झाडून, साइट थोडी थोडी हलवून, ती रायफल बरोबर लावून ठेवली होती. ती खरी कामगिरी त्या कारागिरांची.

या स्पर्धांतून टार्गेट रायफलीची एक वेगळी परंपरा तयार झाली. वकील, दुकानदार, शिक्षक माळावर जाऊन ८००, ९००, १००० यार्डांवर नेम धरू लागले. त्यांनी साइटला बारीक आट्यांचे स्क्रू लावले, कोनाचं माप आणलं. वर्तुळाचे ३६० अंश, एका अंशाची ६० मिनिटं. एक मिनिट म्हणजे १०० यार्डांवर जेमतेम एक इंच, १००० यार्डांवर साडेदहा इंच. हे एकदा कळलं की नेमबाज अंदाजानं नाही, मापानं बोलू लागतो. वारा डावीकडून आहे, तीन मिनिटं डावीकडे घे. हीच भाषा आजही रेंजवर चालते.

म्हणजे त्याच दशकात एका देशातल्या दुकानदाराच्या हाती साइटचा स्क्रू दिला जात होता आणि दुसऱ्या देशातल्या व्यावसायिक शिपायाच्या बंदुकीवरची साइट बांधून टाकली जात होती.

एक हजारांश

पण ज्यांच्या हातात सगळं होतं त्यांनाही या लोखंडानं धडा शिकवला. १८९९ च्या शेवटी ब्रिटन दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांशी लढत होतं. हे बोअर लहानपणापासून रायफल वापरणारे, लांबून अचूक मारणारे. तिकडे सैन्य पाठवण्याची घाई चाललेली असताना लक्षात आलं की नव्या ली-एन्फील्ड रायफलींच्या मोठ्या साठ्यात साइटच चुकीची बसली आहे. ५०० यार्डांवर गोळी १८ इंच उजवीकडे जात होती. १८ इंच म्हणजे माणसाच्या छातीवर नेम धरला तर गोळी त्याच्या खांद्याच्या बाहेरून जाणार.

आता पाटी-पेन्सिल घ्या. ५०० यार्ड म्हणजे १८,००० इंच. १८ भागिले १८,००० म्हणजे एक हजारांश. त्या लांब रायफलीवर दोन साइटमधलं अंतर साधारण दोन फूट. त्याचा एक हजारांश काढा. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त येतो. एवढ्याशा चुकीनं एका साम्राज्याची अब्रू पार्लमेंटमध्ये निघाली. कारखान्यात तपासनीस होते, शिक्के होते, कागद होते. पण प्रत्येक रायफल स्वतंत्रपणे झाडून, गोळी कुठे बसते ते पाहून मगच हाती द्यायची, ही साधी गोष्ट राहून गेली होती.

त्या युद्धानंतर जी आखूड ली-एन्फील्ड आली तिच्या सुरुवातीच्या नमुन्यांत मागच्या साइटला उंचीसाठी बारीक स्क्रू दिला आणि डावी-उजवीकडे सरकवण्यासाठी वेगळा स्क्रू. १९०७ चा मार्क थ्री नमुना आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. हीच ती थ्री-नॉट-थ्री. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षं बनत राहिली आणि कितीतरी पोलीस ठाण्यांत परवापरवापर्यंत भिंतीला उभी होती.

पण १९१४ चं महायुद्ध सुरू झालं आणि रायफली लाखांनी हव्या झाल्या. मग १९१६ साली नमुना सोपा केला गेला. लांब पल्ल्याची बाजूची साइट गेली आणि मागच्या साइटचा डावी-उजवीकडचा स्क्रूही गेला. आता तेवढी दुरुस्ती करायची तर माशीच तिच्या खाचेत ठोकून किंवा दाबून सरकवायची. ते काम आर्मररचं. त्याच्याकडे त्यासाठी खास शिकंजा असे आणि वेगवेगळ्या उंचीच्या माशा असत. शिपायानं त्याला हात लावायचा नाही.

हा निर्णय चूक होता असं मी म्हणणार नाही. चिखलात, थंडीत, भेदरलेल्या अवस्थेत हातात स्क्रू असला की माणूस तो फिरवतो, आणि फिरवला ते विसरतो. सैन्यात ही भीती खरी असते. पण त्याची किंमतही असते, आणि ती आपल्या शिपायांनी मोजली.

सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी सैन्य फ्रान्समध्ये मार्से बंदरात उतरलं. तिथे त्यांच्या जुन्या रायफली काढून घेऊन नव्या दिल्या गेल्या, कारण नवी टोकदार गोळी वेगळी होती. जुनी गोळी २१५ ग्रेनची, जड आणि मंद. नवी १७४ ग्रेनची, हलकी आणि वेगवान. तिचा मार्ग जास्त सपाट, म्हणून साइटवरच्या खुणाही वेगळ्या. जुन्या खुणांवर नवी गोळी मारली तर ती वरून जाणार. आणि रायफल बदलली म्हणजे माणसाची आणि साइटची जुनी ओळखही गेली. ज्यांनी वर्षानुवर्षं एका रायफलीवर हात बसवला होता ते महिन्याभरात नव्या रायफली घेऊन फ्लँडर्सच्या खंदकांत होते. त्यांच्या शौर्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. अनोळखी साइटमागे डोळा लावून ते लढले, हे फारसं सांगितलं जात नाही.

खाचेकडून भोकाकडे

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी नंबर फोर ही नवी ली-एन्फील्ड काढली. तिची मागची साइट खाचेऐवजी भोकाची होती आणि ती डोळ्याजवळ आणून बसवली होती. फायदे दोन. पहिला, दोन साइटमधलं अंतर १९ इंचांवरून २८ इंचांवर गेलं. अंतर जितकं जास्त, तितकी तीच चूक लहान होते.

दुसरा फायदा डोळ्याचा. खाचेच्या साइटमध्ये डोळ्याला तीन गोष्टी एकाच वेळी बघाव्या लागतात. खाच जवळ, माशी हातभर लांब, टार्गेट शेकडो मीटर दूर. डोळा एका वेळी एकच स्पष्ट बघू शकतो. बारीक भोकातून बघितलं की सगळंच बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. विश्वास नसेल तर आत्ता करून बघा. माझ्या वयाच्या मंडळींनी चष्मा काढा, पोस्टकार्डाला सुईनं भोक पाडा आणि त्यातून वर्तमानपत्र वाचा. अक्षरं उमटतील. भोकाच्या साइटचं सगळं शास्त्र एवढंच आहे. भोक मध्यभागी आणायचा प्रयत्नही करावा लागत नाही, डोळा ते आपोआप करतो. माणसानं फक्त माशीकडे बघायचं. माशी लख्ख, टार्गेट किंचित धूसर.

इशापूर मात्र जुन्या खाचेच्या साइटवरच राहिलं. १९६२ च्या युद्धानंतर त्याच जुन्या नमुन्यावर ७.६२ मिलिमीटर काडतुसाची रायफल तिथे बनली. आधी तिच्यावर २००० पर्यंतच्या खुणांची जुनीच पट्टी होती. पुढे ती बदलून ८०० मीटरपर्यंतची केली आणि रायफलीचं नाव टू-ए-वन झालं. दोन हजारावर एकट्या शिपायानं नेम धरायचा नसतो, हे पट्टीनं उशिरा का होईना मान्य केलं. मग एसएलआर आली. तिच्यात मागे भोक, पुढे माशी. माशी फिरवून वर-खाली, मागची साइट दोन स्क्रूंनी डावी-उजवीकडे. एक स्क्रू सैल करायचा, तेवढाच दुसरा आवळायचा. माझी सुरुवातीची गोष्ट आठवते ना? कुणीतरी पहिला सैल केला होता आणि दुसरा आवळायचा विसरला होता.

स्क्रू नेमबाजाच्या हाती

स्वतंत्र भारतात हा स्क्रू सामान्य माणसाच्या हाती देण्याचं काम ज्यांनी सुरू केलं त्यांचं नाव ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. मूळ कोकणातलं मराठी घराणं, जन्म बडोद्याचा, कर्मभूमी अहमदाबाद. १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली, तिचे ते संस्थापक. आजही देशभरातले नवे नेमबाज ज्या स्पर्धेतून वर येतात ती मावळंकर स्पर्धा त्यांच्याच नावाची आहे. बडोदे, इंदूर, हैदराबाद, बेळगाव, कुठूनही हे ऐकणाऱ्या मराठी मंडळींनी हे लक्षात ठेवावं. ज्या देशातल्या शिपायाची साइट नव्वद वर्षांपूर्वी बांधून टाकली होती त्या देशात एका गांधीवादी माणसाला वाटलं की नागरिकाला नेम धरता आला पाहिजे.

त्याला आलेली फळं तुम्ही टीव्हीवर पाहिली आहेत. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीची साइट चालत नाही. पुढे नळकांड्यात एक बारीक कडी, मागे भोक. दहा मीटरच्या प्रकारात दहा गुणांचा ठिपका केवढा असतो? अर्धा मिलिमीटर. पुन्हा तोच अर्धा मिलिमीटर, पण आता टार्गेटवर.

११ ऑगस्ट २००८, बीजिंग. अभिनव बिंद्रा ५९६ गुण घेऊन चौथ्या स्थानावरून अंतिम फेरीत आले. अंतिम फेरीआधी सरावाच्या गोळ्या मारायला मिळतात. बिंद्रांनी पुढे स्वतः सांगितलं की त्यातली पहिली गोळी नेहमीच्या जागेपासून फार दूर पडली. साइट आपल्या जागेवर नव्हती. हे कसं झालं यावर बरेच तर्क झाले, त्यात मी शिरत नाही. मला रस आहे तो पुढच्या काही मिनिटांत. हातात थोडा वेळ, समोर आयुष्यभराचं काम. माझं काही चुकलं का, की लोखंड हललं? ज्यानं हजारो गोळ्यांची नोंद ठेवली आहे तोच अशा वेळी ठरवू शकतो. त्यांनी साइटचे क्लिक मोजून फिरवले, पुन्हा गोळी मारली, पुन्हा फिरवले. अंतिम फेरीची पहिली गोळी १०.७. शेवटची १०.८. एकूण ७००.५ आणि भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण.

आपल्या कोल्हापूरनंही हेच दाखवून दिलं. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेती झाली. स्वप्नील कुसाळेनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. या प्रकारात गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून मारायचं असतं. शरीर बदललं की डोक्याची ठेवण बदलते, साइटही बदलते. प्रत्येक पोझिशनचा आकडा नेमबाजाला ठाऊक असावा लागतो.

उस्तादांची वही

माझ्याकडे रेंजवर येणाऱ्या मुलांना मी जे सांगतो ते थोडक्यात इथे सांगतो. यातलं बरंचसं त्या हवालदार उस्तादांचं आहे.

पहिलं, एका गोळीवर साइट हलवू नका. पाच गोळ्या मारा, त्यांचा मध्य काढा, मग त्या मध्यावरून दुरुस्ती करा. एक गोळी तुमचा श्वास सांगते, पाच गोळ्या रायफल सांगतात.

दुसरं, दिशा पाठ करा. मागची साइट गोळी जिकडे न्यायची तिकडे हलवायची. माशी उलट. गोळी खाली बसते? मागची साइट वर घ्या, किंवा माशी खाली. यात गोंधळ झाला की चूक दुप्पट होते.

तिसरं, आट्यांची ढिलाई ओळखा. कुठल्याही स्क्रूला उलट दिशेला फिरवताना सुरुवातीला थोडी पोकळी असते. स्क्रू फिरतो, साइट हलत नाही. जुन्या साइटमध्ये ही पोकळी जास्त. म्हणून शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेनं करा. खाली यायचं असेल तर थोडं जास्त खाली जाऊन मग वर या.

चौथं, प्रत्येक सत्राच्या आधी सगळे स्क्रू तपासा. बोटानं साइट ढकलून बघा. स्क्रूच्या डोक्यावरून खालच्या भागावर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला आहे.

पाचवं, तेल. पावसाळ्यात माशीच्या बुडाशी आणि आट्यांत गंज धरतो. पातळ तेलाचा एक थेंब द्या आणि कोरड्या चिंधीनं पुसून घ्या. भोकात तेल राहिलं तर त्यावर धूळ बसते, भोकाचा आकार बदलतो आणि तुम्हाला कळतही नाही. भोक कधीही तारेनं किंवा टोच्यानं कोरू नका. फुंकर आणि मऊ ब्रश पुरेसा.

सहावं, चमक. माशी घासून घासून चकचकीत होते. मग ऊन ज्या बाजूनं येतं ती कड उजळते आणि डोळा त्या उजळ कडेलाच माशी समजतो. गोळी उन्हाच्या उलट बाजूला जाते. जुने नेमबाज यासाठी कापराच्या ज्योतीवर माशी धरायचे. कापराची काजळी काळीकुट्ट आणि बिनचमकेची असते. देवघरातला कापूर चांदमारीवर असा उपयोगी पडतो. मात्र हे रायफल रिकामी करून, काडतुसांपासून दूरच करायचं.

आणि सातवं, वही. तारीख, ऊन, वारा, अंतर, साइटचा आकडा, गोळ्या कुठे बसल्या. रोज. तुम्ही कुठे आहात हे वही सांगते. साइट हरवली, हलली, कुणी फिरवली, तरी वहीतल्या आकड्यावर परत जाता येतं. ज्याच्याकडे वही नाही त्याला स्क्रू देऊ नये, या मताचा मी अजूनही आहे.

मला वाटतं, माशी कुणी हलवायची या प्रश्नाचं उत्तरही या वहीतच आहे. १८५७ नंतरच्या राज्यकर्त्यांनी उत्तर दिलं, शिपायानं नाही. १९१६ च्या कारखान्यानं उत्तर दिलं, फक्त आर्मररनं. टार्गेट रायफलीनं उत्तर दिलं, ज्यानं आपली चूक आणि लोखंडाची चूक वेगळी करायला शिकून घेतलं आहे त्यानं. मला तिसरं उत्तर पटतं. पण ते फुकट मिळत नाही. त्यासाठी दोन्ही बाजूंनी प्रामाणिक असावं लागतं. स्वतःची चूक साइटवर ढकलायची नाही आणि साइटची चूक दुसऱ्या माणसावर ढकलायची नाही.

हे दुसरं मी त्या दिवशी केलं होतं. उस्तादांनी स्क्रू आवळला, रायफल त्या पोराच्या हाती दिली. त्यानं पाच गोळ्या मारल्या. पाचही तळहातात मावतील अशा. सगळे हसले, मीही हसलो, शाबासकी दिली. संध्याकाळी त्याला बोलावून मी म्हणालो, चूक माझी होती. तो म्हणाला, "काही नाही साहेब."

पण मंडळी, मी त्याला सुनावलं होतं सगळ्यांसमोर आणि चूक कबूल केली एकट्यात. इतकी वर्षं झाली, ती आडव्या भोकांची ओळ अजून डोळ्यासमोर येते. माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद आहे. साइटचा आकडा लिहिला आहे. त्याचं नाव लिहायचं राहून गेलं.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.